एकतिसावा कागद

१८ ऑक्टोबर १९३८, मंगळवार

पहाटे एका आवाजाने जाग आली आणि उठून बसल्यावर कळलं, तो आवाज आजचा नव्हताच. तीस-बत्तीस पोरं एका सुरात कविता म्हणताहेत, आणि त्यांत एक बारीक आवाज, ताणलेल्या तारेसारखा, नेहमी इतरांच्या अर्धी मात्रा पुढे. वर्ग 'पहाट झाली' म्हणत असला की हा 'रानी'वर पोचून वाट पाहत बसलेला. मी पट्टीने टेबल बडवायचो, "सगळ्यांबरोबर! सगळ्यांबरोबर!" तेहेतीस वर्षं झाली त्याला. कोणाचा आवाज, ते काही केल्या आठवेना.

कविता मात्र माझीच. पहिल्या दोन ओळी येतात:

फुटली बोंडे, हसली शेते, पहाट झाली रानी,
चला मुलींनो वेचायाला कापुस मोत्यांवाणी

पुढचं कडवं हरवलं. दिवसभर आठवत होतो. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "गाईचं दावं तुटलंय ते आठवा आधी." पंचेचाळीस वर्षं संसार करून या बाईला एक ओळ पाठ झाली नाही माझी.

मुंबईहून मुलाचं, लक्ष्मीकांतचं पत्र आलं. शरयू एकटीच येते आहे दिवाळीला.

२० ऑक्टोबर

शरयू आली. मलकापूरला रेल्वेतून उतरून मोताळ्यापर्यंत मोटारीने, पुढे आपली बैलांची दमणी. नात आता बी.ए.च्या वर्गात आहे आणि तिने समाजशास्त्र घेतलं आहे. मला वाटत होतं मराठी वाङ्मय घेईल. लहानपणी माझ्या मांडीवर बसून कविता म्हणायची, अक्षरही मीच गिरवून घेतलं तिचं. थोडं वाईट वाटलं, ते बोललो नाही.

आजीने विचारलं, "म्हणजे काय शिकवतात गं त्यात?"

"माणसं एकमेकांशी कशी वागतात ते."

"हात्तिच्या! ते शिकायला मुंबईला कशाला जायचं? आपल्या विहिरीवर उभी राहा घटकाभर."

शरयू इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाली, "तेच करायला आलेय, आजी." एका गावातली पन्नास घरं घ्यायची, प्रत्येक घरी तेच छापील प्रश्न विचारायचे आणि त्यावर निबंध लिहायचा. नाताळच्या आधी निबंध द्यायचा आहे. चांगला उतरला तर कॉलेजच्या वार्षिक अंकात छापणार. पुढे एम.ए.ला घ्यायचं की नाही, तेही त्यावरून ठरेल असं प्राध्यापक म्हणाले आहेत. लक्ष्मीकांत म्हणतो बी.ए. पुरे, आता स्थळं पाहू. म्हणजे पोरीचं सगळं या पन्नास कागदांवर.

२६ ऑक्टोबर, बुधवार

भाऊबीज झाली, आज कामाला सुरुवात. शरयू म्हणाली, "आजोबा, आमच्या प्राध्यापकांनी बजावलंय, गावातल्या वजनदार माणसाला बरोबर घेऊन फिरू नका. लोक त्याच्या तोंडाकडे पाहून उत्तरं देतात." मी म्हटलं, बरोबरच आहे, पाटलाला मुळीच नेऊ नये. मी येतो. ती जरा थांबली, मग म्हणाली, "चला."

पहिलं घर पंजाबरावाचं. माझा विद्यार्थी, आता स्वतःच आजोबा झालाय. ओट्यावर सतरंजी अंथरली, हात बांधून उभा.

"बसा ना काका," शरयू म्हणाली.

"मास्तरासमोर बसाले सांगता बाई? अजून पाठ दुखते माही."

"घरात माणसं किती?"

"मास्तर सांगतीन तेवढी."

"तसं नाही, खरी सांगा."

"नऊ. अन् सासू आली की सतरा."

"मुलं शाळेत जातात?"

पंजाबरावाने माझ्याकडे पाहिलं. "जातात न! रोज जातात." आतून त्याची सून बोलली, "कुठं जातात? बैल घेऊन गेले सकाळीच." पंजाबरावाने आवाज चढवला, "चूप बस वं! मास्तर आलेत दिसत नाही काय?"

फार मजा आली. दिवसभरात सहा घरं. सगळीकडे चहा, सगळीकडे मान. इतकं प्रेम मी कमावलं आहे हे मला माहीत नव्हतं. शरयू मात्र परत येताना गप्प होती. दमली असावी.

२८ ऑक्टोबर

शरयू म्हणाली, उद्यापासून मी एकटी जाईन. मी म्हटलं, वेचणीचे दिवस, बाया शेतात, कोणत्या घरी कोण केव्हा सापडेल हे तुला कळायचं नाही. शेवटी तडजोड अशी की मी जायचं, पण ओट्यावर न बसता बाहेर झाडाखाली बसायचं. बसलो. तिथूनही लोक मला रामराम करतातच.

३१ ऑक्टोबर, सोमवार

आजचं घर एकतिसावं. पुंजाजीचं, गावाच्या टोकाला. पुंजाजी देऊळघाटला गेला होता; त्याची बायको सोजराबाई नुकती शेतातून आली होती, पाठीची झोळी अजून सुटायची होती. बेचाळीस-त्रेचाळीसची बाई, खणखणीत. मला निंबाखाली बसू देईना. "काऊन बाहेर बसता मास्तर? या न वर!" म्हणून मी ओट्यावर आलो. नसतो आलो तर बरं झालं असतं काय? ऐकू तर निंबाखालीही आलंच असतं.

प्रश्न चालले. जमीन किती, विहीर आहे का. मग शरयूने विचारलं, "तुम्ही शाळेत गेलात कधी?"

"हाव, गेली न. दुसरीपर्यंत. मास्तरच त होते."

मला आनंद झाला. सहज म्हटलं, "तू म्हणजे कोणाची गं?"

"नारायणराव न्हाव्याच्या वाड्यामागं राह्यचो आमी. दगडूची सोजरी. तुमाले कशी आठवीन?"

"मग शाळा सोडली का?" शरयूने विचारलं.

सोजराबाईने झोळीची गाठ सोडली. "मी कुठं सोडली बाई? मास्तरनं नाव काढलं माह्यं." आणि हसली. खरंच हसली, टोमणा म्हणून नव्हे. पाऊस लवकर गेला असं सांगावं तसं. "मायसंग वेचनीवर गेलती. वेचनी सरली, वापस आली, त पटावर नावच नाही. बापाले घेऊन ये म्हने. बापाले कुठं फुरसत? तीन दिवस शाळेच्या दाराबाहेर उभी राह्यली. अंदर कविता चाले, मी बाहेरून म्हनो. मंग थंडी लागे, गेली घरी."

"आणि तुमच्या मुली?"

"तीन हायेत. धाडलंच नाही एकीलेही. कायले? नाव लिवाचं अन् काढाचं!"

शरयू पेन्सिलीने लिहीत होती, शब्द न् शब्द. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, "कोणती कविता गं?"

आणि तिने म्हटली, ताणलेल्या आवाजात, प्रत्येक ओळ जरा घाईने. सबंध. माझं हरवलेलं कडवं तिच्याकडे होतं:

ओटीमध्ये चंद्र उतरले, बोटांवरती काटे,
गाता गाता वेचित जाता काटा गोडच वाटे

म्हणून झाल्यावर हात पुढे केला. बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं चिरलेली. "काटा काही गोड लागत नाही बरं मास्तर. गान्यात लागत असंन."

मी 'वा' म्हणालो. काय म्हणालो ते लिहून ठेवतो आहे.

१ नोव्हेंबर

कुठे गेलो नाही. पाय दुखतात असं सांगितलं.

खरं ते इथे तरी लिहावं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट. नवे डिपोटीसाहेब तपासणीला येणार होते. हजेरीचं प्रमाण पाहून शेरा मारायचे, आणि शेऱ्यावर बढती. आमच्या मोठ्या मास्तरांनी मला नोकरीला लागल्या लागल्या शिकवलं होतं, तपासणीच्या आधी पट झाडून घ्यायचा. जी पोरं शेतावर गेली असतील त्यांची नावं कमी करायची, म्हणजे उरलेल्यांची हजेरी भरगच्च दिसते. साहेब गेले की नावं पुन्हा घालायची. सगळ्याच शाळांत चालायचं. खोटं केलं असं कोणाला वाटतच नसे. वर्ग झाडावा तसा पट झाडायचा.

त्या वर्षी मी नऊ नावं काढली. साहेबांपुढे पोरांनी कापसाची कविता म्हटली, साहेब खूष झाले, म्हणाले, "या मुलांना आपल्या मातीचं प्रेम दिसतं." कविता म्हणणाऱ्यांत कापूस वेचणारं एकही नव्हतं, हे माझ्या आज ध्यानात येतं आहे.

आठ नावं पुन्हा घातली. आठही मुलगे, त्यांचे बाप विचारायला आले. नवव्या नावासाठी कोणी आलं नाही. म्हणजे ती स्वतः आली होती, पण ते येणं मी धरलं नाही.

तो अर्धी मात्रा पुढचा आवाज तिचाच.

३ नोव्हेंबर, गुरुवार

पन्नास घरं पुरी झाली. शरयूचे पेन्सिलीचे कागद घाईने लिहिलेले. मीच म्हटलं, शाईने पक्के करून देतो, आपलं अक्षर अजून डळमळलेलं नाही. ती म्हणाली, "आजोबा, जसंच्या तसं हं. शब्दसुद्धा बदलू नका. व्याकरण सुधारू नका." मी म्हटलं, वेडी का तू?

तीसपर्यंत जसंच्या तसं उतरवलं. पंजाबरावाच्या सुनेचं 'बैल घेऊन गेले'सुद्धा.

एकतिसाव्याला 'शाळा सोडण्याचे कारण' या ओळीशी लेखणी किती वेळ थांबली कोण जाणे, टाक वाळला. आधीच्या चार बायांचं कारण 'घरकाम' आहे. मी 'घरकाम' लिहिलं. खालच्या ओळीत, मुलींना शाळेत का धाडलं नाही, तिथे 'आवड नाही'.

काय बिघडतं, असं तेव्हा वाटलं. पन्नासांतला एक. मुंबईत कोण ओळखतं सोजराबाईला? पण मुंबईत मला तरी कोण ओळखतं! तिथल्या लोकांपासून मी लपवलेलंच नाही. एकाच मुलीपासून लपवलं, आणि तिने तर ते माझ्यासमोर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. हे लिहिताना कळतं आहे. त्या वेळी एवढंच होतं की ते वाक्य माझ्या हस्ताक्षरात नको.

पेन्सिलीचे सगळे कागद बंबात घातले.

५ नोव्हेंबर

शरयू गेली. निघताना तिने पक्के कागद एकेक चाळले. मी दमणीत गादी घालत होतो. तिने विचारलं, "आजोबा, माझे कच्चे कागद कुठे आहेत?"

"अगं, रद्दी ती. बंबात गेली."

"सगळी?"

"सगळी. अक्षर लावायला त्रास होतो म्हणून तर पक्के केले."

तिने पक्के कागद पिशवीत ठेवले. वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा. पण दमणी वळेपर्यंत हात हलवत असते ते विसरली. परीक्षेची काळजी लागली असेल.

अन्नपूर्णाबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय केलंत हो?"

"कुठे काय?"

"नाही, तुम्ही दोन दिवस कविता म्हटली नाही."

१९ नोव्हेंबर, शनिवार

शरयूचं पत्र. प्रवासाची, परीक्षेची हकीकत. निबंधाचा आराखडा झाला. शेवटी एक ओळ: 'आजोबा, एकतीस नंबरचा कागद तुम्हाला आठवतो का? मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.'

२० नोव्हेंबर

उत्तर धाडलं. चार पानं झाली. गायीला कालवड झाली, हरभरा वर आला, हवा कशी पडली आहे ते लिहिलं. कडवं सापडलं म्हणून सबंध कविता सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. एकतीस नंबरचं लिहायचं राहून गेलं.

राहून गेलं नाही. लिहिलं नाही.

२७ नोव्हेंबर

सकाळी पुंजाजीच्या घरावरून गेलो. सोजराबाईची धाकटी, बारा-तेरा वर्षांची, ओट्यावर सरकी निवडत होती. गुणगुणत होती काहीतरी. थांबलो नाही. कोणती कविता ते ऐकायची भीती वाटली.

तिला विचारायला हवं होतं, येतेस का शाळेत म्हणून. मी आता शाळेत नाही, मी कोण विचारणार? हे कारण बरं सापडलं.

४ डिसेंबर, रविवार

शरयूचं पुन्हा पत्र. या वेळी लहान. हवापाण्याचं काही नाही. 'निबंधात एक तक्ता आहे. गावातल्या ज्या बायका शाळेत जाऊन आल्या, त्यांनी शाळा का सोडली. पाचही उत्तरं घरकाम. म्हणजे निष्कर्ष असा निघतो की शाळेचं दार उघडं होतं, घरच्यांनीच पोरींना माघारी नेलं, आणि त्या आयांनाही आवड उरली नाही. प्राध्यापकांना हा भाग आवडला आहे. अंकात छापायचं म्हणतात. मला मात्र एक उत्तर वेगळं आठवतं. ते म्हणतात, कागदावर नाही ते आठवणीवरून लिहिता येत नाही, कागद खरा. पंधरा तारखेला निबंध द्यायचा आहे.'

खाली 'तुमची लाडकी' असं नेहमी असतं. या वेळी नुसतं 'शरयू'.

म्हणजे तिला ठाऊक आहे. दमणी वळली तेव्हाच ठाऊक होतं. मग स्वतःच का लिहीत नाही, आजोबांनी कागद बदलला? मला वाटतं, तिला ते माझ्या हातून हवं आहे. का तिलाही, माझ्यासारखंच, ते वाक्य स्वतःच्या अक्षरात नको आहे?

पट झाडायचा तो साहेबासाठी. या वेळी कोणता साहेब येणार होता? नात येणार होती, तिच्यापुढे चांगलं दिसावं म्हणून मी पुन्हा त्याच बाईचं नाव काढलं.

६ डिसेंबर

परवापासून तीन मसुदे लिहिले. पहिल्यात त्या काळच्या शाळांचं वर्णन फार सुंदर उतरलं, आणि वाचून पाहिलं तर माझी कीव यावी असं झालं होतं. फाडला. दुसऱ्यात मोठ्या मास्तरांना दोष गेला. ते बिचारे वारले आहेत. फाडला. तिसरा एका ओळीचा होता: 'एकतीस नंबरची दोन्ही उत्तरं मी बदलली, तिने सांगितलं ते तुला आठवतं तेच खरं आहे.' तो बरोबर होता. तो पाकिटात घालून कोनाड्यात ठेवला आहे. टपालवाला काल येऊन गेला, तेव्हा मी मागच्या दारी होतो. हाक ऐकली होती.

अन्नपूर्णाबाईंना आज सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला वाटलंच होतं काहीतरी मोठं असेल. हे तर आणखी मोठं निघालं." आणि थोड्या वेळाने, "मलाही लिहायला शिकवणार होतात तुम्ही, लग्न झालं त्या वर्षी."

ते मी विसरलो होतो.

९ डिसेंबर, शुक्रवार

आज टपालवाला मोताळ्याकडे परतताना दुपारी दारावरून जाणार, त्याच्या हाती पाकीट द्यायचंच असं ठरवून जेवल्याबरोबर ओसरीवर येऊन बसलो. ही वही घेतली, तेवढ्यात कडी वाजली. म्हटलं लवकर आला. उठून दार उघडलं.

सोजराबाई. एकटी. डोक्यावरून पदर, स्वच्छ लुगडं, बाजाराला निघावं तशी. आयुष्यात कधी ती आमच्या दारी आलेली नाही. हातात पाकीट.

"मास्तर, माह्या नावानं कागद आला! जल्मात पह्यल्यांदा. टपालवाला सकाळीच देऊन गेला, म्हने मुंबईचा हाय. पंजाबरावाचा नातू म्हने मी वाचून देतो. मी म्हटलं, हट बे, तुले काय येते? आपले मास्तर हायेत न."

पाकिटावर शरयूचं अक्षर. तिला ओसरीवर बसवलं, पाकीट फोडलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, ओठ हलतील तेव्हा ऐकायचं म्हणून पुढे झुकून. मी मनात चार ओळी वाचल्या. 'सोजराबाई, तुमची शाळा का सुटली आणि तुमच्या मुलींना तुम्ही का धाडलं नाही, ते मला पुन्हा एकदा सांगाल का? तुम्ही त्या दिवशी बोललात तसंच, तुमच्याच शब्दांत. गावात ज्याला लिहिता येतं अशा कोणाकडून लिहवून, खाली तुमचा अंगठा करून, सोबतच्या पाकिटातून धाडा. तुमचं उत्तर मी आहे तसं छापणार आहे.' सोबत कोरा कागद आणि तिकीट लावलेलं पाकीट.

चष्मा आणतो असं सांगून मी आत आलो आणि उभ्या उभ्या हे लिहितो आहे. चष्मा माझ्या नाकावरच आहे. तिने तो पाहिला असणार.

पत्र वाचायचं मी. तिने सांगायचं, लिहायचं मी. अंगठ्याला शाई लावायची तीही मीच. 'मास्तरनं नाव काढलं' हे वाक्य माझ्याच हाताने, तिच्यासमोर, एकेक अक्षर.

"सापडला काय मास्तर?" ती बाहेरून विचारते आहे. "नाहीतर असंच सांगा तोंडी. काय लिवलं पोरीनं?"